पाणी कधी येणार, याचा प्रोग्राम

२७ जुलै, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून प्रोग्रामिंग. रोज पहाटे पाच ते साडेसहा. वय एक्कावन्न आहे, पण शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं क्लार्की केली, तीत डोकं फारसं वापरावं लागलं नाही. त्यामुळे ते जवळजवळ नवंच आहे.
आज पाचला उठायचं होतं. पहिलाच दिवस म्हणून सातला उठलो.

दुपारी ४.००
विषय सापडला. माझी मुलगी रचना कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या पुस्तकात. अक्षरांची एक माळ घ्यायची, तिला स्ट्रिंग म्हणतात. त्या माळेत एखादं अक्षर कुठे कुठे आलंय, त्या सगळ्या जागा शोधून काढायच्या. पुस्तकात 'बनाना'तले 'ए' शोधलेत. केळ्यात शोधून काय मिळणार? मला एकदम आमचा नळ आठवला.
आमच्या अनगोळच्या गल्लीत पाणी रोज नसतं. चार-पाच दिवसांनी येतं, सकाळी दहाच्या सुमारास, तासभर. आलं की माझी बायको रूपाली कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते. १ जुलैपासून एका दिवसाला एक अक्षर धरायचं. पाणी आलं तर 'प', नाही आलं तर 'न'. नननपननननप. सगळ्या 'प'च्या जागा सापडल्या की मधलं अंतर कळेल, अंतर कळलं की पुढचं पाणी कळेल. हे अजून कुणालाच कसं सुचलं नाही?
रूपालीला सांगितलं. ती म्हणाली, पाचव्या दिवशी येतं, बोटांवर मोजता येतं. मी तिला १५ जुलै दाखवली. त्या वेळी सहाव्या दिवशी आलं होतं. यावर ती वह्या तपासायला बसली. प्राथमिक शिक्षिकेला संशोधनाचं काय सांगणार.

३० जुलै, बुधवार
पहाटे उठलो नाही. डास.
संध्याकाळी अण्णांना फोन केला. भावकूअण्णा, माझे थोरले भाऊ, खानापूरजवळ गावी शेती बघतात. आप्पांचा म्हाळ यंदा माझ्या घरी करायचा म्हणालो. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. पितृपंधरवड्यातलं त्यांच्या नावाचं जेवण आतापर्यंत गावातच झालं, तीस-पस्तीस पान उठतं. अण्णा म्हणाले, तुमच्याकडं पाण्याचं काय? मी म्हणालो, त्याची व्यवस्था चालू आहे, वैज्ञानिक पद्धतीने.
इथे फक्त वहीत लिहितो. आप्पा या घरी एकदाच राहायला आले. आठ दिवसांसाठी आले होते, तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले. म्हणाले, तुझ्या घरात हात धुवायला बी इचारायला लागतंय. स्वतःच्या हातांनी विहीर खणलेला माणूस. ते मला फार लागलं होतं, अजून लागतं. एकदा तरी त्यांच्या नावाचं पान माझ्या घरी, भरल्या टाकीच्या पाण्याने व्हावं, एवढंच मला पाहिजे.
उद्यापासून नक्की पाचला.

३ ऑगस्ट, रविवार
पहिला प्रोग्राम चालला. 'फाइंड' म्हणून हुकूम असतो, त्याला 'प' शोधायला सांगितलं. उत्तर आलं, ३. बस. पुढचे 'प' त्याला दिसलेच नाहीत. एक सापडला की काम संपलं म्हणून बसतो. हा स्वभाव ओळखीचा वाटला, आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत.
रचना म्हणाली, फाइंड पहिलीच जागा देतो, बाकीच्यांसाठी लूप लावा, म्हणजे तेच काम तो पुन्हा पुन्हा करेल. मला माहीतच होतं. मी फक्त पायरीपायरीने जात आहे.
आज पाणी आलं. माझ्या हिशेबात बसलं असतं, जर हिशेब तयार असता तर.

९ ऑगस्ट, शनिवार
राखीपौर्णिमा. प्रोग्रामिंग नाही.

१० ऑगस्ट, रविवार
कालचा नारळीभात जड झाला. प्रोग्रामिंग नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ३
झेंडावंदन करून आलो आणि लूप लावला. पडद्यावर आकडे धावायला लागले. ३ ३ ३ ३ ३ ३. थांबेना. वीसेक हजार तीन झाले असतील. लॅपटॉप इतका तापला की रचना धावत आली. तिचा प्रोजेक्ट त्यात होता. तिने काहीतरी दाबून थांबवलं आणि लॅपटॉप आपल्या खोलीत नेला. जाता जाता म्हणाली, प्रत्येक वेळी तुम्ही पुन्हा पहिल्यापासून शोधायला सांगताय, मग पहिलाच सापडणार ना. सापडलेल्या जागेच्या पुढून शोधायला सांगा.
हे मला सुचणारच होतं. लॅपटॉप नेला नसता तर आजच सुचलं असतं.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११.३०
झालं! सगळ्या जागा! ३, ८, १४, १८, २३, २८, ३३, ३८, ४३, ४८, ५३. एकही 'प' सुटला नाही. मी खुर्चीतून उठून उगीचच घरभर एक फेरी मारली.
एक बारीक गोष्ट. कॅलेंडरवर पहिला गोल ४ जुलैला आहे आणि प्रोग्राम म्हणतो ३. दुसरा ९ ला, प्रोग्राम म्हणतो ८. सगळीकडे एकाचा फरक. बराच विचार केला. कॉम्प्युटर चुकत नाही, म्हणजे गोल करणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी आठवण झाल्यावर गोल करते. रूपालीला समजावून सांगितलं की चूक कुणाचीही होते, मी रागावलेलो नाही. दुपारी आमटीत मीठ नव्हतं.
आता पुढचं पाणी. शेवटची जागा ५३, अंतर पाच, म्हणजे ५८. त्यातून जुलैचे एकतीस गेले, २७ ऑगस्ट. बुधवार. साक्षात गणेश चतुर्थी!

संध्याकाळी ६.३०
शेजारच्या शांतिनाथांना सांगितलं. मूळचे निपाणीचे, जैन, फार सभ्य माणूस. २८ तारखेपासून त्यांचं दशलक्षण पर्व आहे, पाणी गाळून घ्यायचं, सोवळ्यात सगळं. म्हणाले, मग मंगळवारी पिंपं धुऊन ठेवतो, बुधवारचं ताजं पाणी भरतो. मी म्हणालो, बेलाशक. बोलता बोलता गल्लीत आणखी चार घरी सांगून आलो.

२७ ऑगस्ट, बुधवार. दुपारी १
गणपती बसले. पाणी आलं नाही.
दहा वाजता पाच घरांचे लोक नळापाशी बादल्या घेऊन उभे होते. अकराला घरात गेले. शांतिनाथांची पिंपं रिकामी. रूपालीने त्यांना आमच्यातल्या चार घागरी पाठवल्या. ते म्हणाले, असूदे वो मारुतीराव, उद्या येईल की. असा शांत माणूस समोर असला की फार अवघड होतं.
गणपतीच्या दिवशी पाणी सोडणाऱ्या भरमूलाही घर असणार. मी त्याला दोष देत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
पाणी आलं. म्हणजे प्रोग्राम बरोबर होता, पाणी एक दिवस उशिरा आलं.

६ सप्टेंबर, शनिवार
अनंत चतुर्दशी. दहा दिवस आरत्या, प्रोग्रामिंगला वेळ मिळाला नाही. मधे २ तारखेला पाणी येऊन गेलं.

८ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ७
काल पाणी आलं. नवी अक्षरं घालून प्रोग्राम चालवला. पुन्हा कॅलेंडरपेक्षा एक कमी. नाइलाजाने रचनाला विचारलं. ती म्हणाली, पप्पा, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. पहिल्या अक्षराची जागा शून्य. म्हणून १ जुलै म्हणजे शून्य. तुम्ही एक मिळवा.
शून्यापासून! हे पुस्तकात पहिल्या पानावर ठळक छापायला पाहिजे होतं. बघितलं तर पहिल्या पानावर ठळक छापलेलं आहे. पण मी दुसऱ्या पानापासून सुरुवात केली होती.
तेव्हा रूपालीचे गोल बरोबर होते. तिला सांगायचं राहून गेलं.
प्रोग्राममध्ये एक मिळवला. आता शून्य मला फसवू शकणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
शून्याचा धसका मोठा. म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून ठेवलं: उत्तर वाचताना एक मिळवायला विसरू नये.
पुढचं पाणी, शनिवार १३.
अण्णांचा फोन. म्हाळ द्वादशीला, गुरुवारी १८ तारखेला. पुन्हा विचारलं, जमंल न्हवं? नाहीतर इथंच करूया. मी म्हणालो, अण्णा, तुम्ही फक्त जेवायला या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पाणी आज आलं. एक दिवस आधी.
मागच्या वेळी उशिरा, या वेळी आधी. पाण्यालाच शिस्त नाही, त्याला प्रोग्राम काय करणार. पण एक चांगलं आहे. एकदा उशिरा, एकदा आधी, म्हणजे सरासरी बरोबर येते.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०
नव्या अक्षरांसकट प्रोग्राम चालवला, पुठ्ठ्यावरची सूचना पाळली, आणि पुढचं पाणी आलं गुरुवार १८! म्हाळाच्याच दिवशी! सकाळी दहाला ताजं पाणी, बाराला पान. आप्पांनीच हे जुळवून आणलं असं मला मनापासून वाटतं.
रूपाली म्हणाली, शुक्रवारी आलंय, तर बुधवारी येणार. बुधवारी दहापर्यंत घरात थांबा, मग कुठंही जावा. तिची शाळा नऊला, रचनाचं कॉलेज साडेआठला, माझं ऑफिस साडेदहाला, त्यामुळे पाणी भरणं माझ्याकडे असतं. मी तिला सगळ्या जागांची यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, निदान एक टँकर सांगून ठेवूया. टँकर? अण्णांच्या डोळ्यांदेखत माझ्या दारात टँकर? मी स्पष्ट नाही म्हणालो.

१६ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६
आज अर्धी रजा. आप्पांच्या पानाला शिळं पाणी नको, म्हणून टाकी रिकामी करून आतून घासली. तळाला बोटभर गाळ होता. दोन्ही पिंपं धुऊन पालथी घातली. टाकीचा कॉक बंद केला आणि मूठ काढून खिशात ठेवली, गुरुवारी मीच उघडणार. आंघोळीपुरत्या चार बादल्या ठेवल्यात. कंबर धरली, पण समाधान आहे.
रूपाली शाळेतून आली. टाकीकडे बघितलं. पालथ्या पिंपांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कौतुक करेल. आत गेली आणि गावी वहिनींशी बराच वेळ फोनवर बोलत बसली. म्हाळाच्या सामानाचं काहीतरी असणार.

१७ सप्टेंबर, बुधवार. सकाळी १०.२०, गावी
रजा टाकून पहाटेच्या गाडीने आलो. घरचा तांदूळ आणि अळू न्यायला. वही बरोबर आणली आहे, असे दिवस नोंदवून ठेवावेत.
गाव छान वाटतंय. भात पोटरीला आलंय. अण्णा विहिरीवर चार मोठी बॅरलं घासत होते. कशाला म्हणून विचारलं, तर असंच म्हणाले. वय झालं की माणूस काहीतरी घासत बसतो.

१०.५०
फोनवर शांतिनाथांचे चार मिस्ड कॉल. उद्याच्या जेवणाची वेळ विचारायला असतील. संध्याकाळी प्रत्यक्षच सांगतो.

संध्याकाळी ५.३०, घरी
पाणी आज आलं.
दहा ते सव्वाअकरा. शांतिनाथ म्हणाले, फाटकाला कुलूप, आत कॉक बंद, मी काय करणार. फोन लई केला. त्यांच्या दारात सगळं ओलं होतं. सगळ्या गल्लीत ओलं होतं. आमच्या दारात फक्त टाकी. इतकी स्वच्छ टाकी गल्लीत दुसरी नसेल.
रचनाने प्रोग्राम उघडला. एका मिनिटात म्हणाली, एक तर तुम्ही इथे मिळवलाय, मग यादी वाचताना परत कशाला मिळवता? पुठ्ठ्यावरची लाल शाई मी हाताने झाकली.
म्हणजे सगळ्या जागा बरोबर होत्या. माळ बरोबर होती. गोल तर पहिल्यापासून बरोबर होते. उरलं कोण, ते लिहीत नाही.
टँकरवाल्यांना फोन केले. म्हाळाचा पंधरवडा, शनिवारपर्यंत कुणी रिकामा नाही. रूपाली अळूचे देठ सोलत बसली आहे. उद्या तीस माणसं येणार, आणि घरात दीड बादली.

१८ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६
म्हाळ झाला. वडे, खीर, अळूचं, गवारी, सगळं वेळेवर. बाराला पान ठेवलं.
पहाटे सहाला दारात टेम्पो थांबला. पुढे अण्णा आणि वहिनी, मागे चार बॅरलं, काठोकाठ, तोंडाला फडकी बांधलेली. आप्पांच्या विहिरीचं पाणी. मी बघतच राहिलो. मंगळवारी रूपालीने फोन केला तो यासाठी. काल अण्णा माझ्यादेखत बॅरलं घासत होते ती यासाठी. आणि मी तिथे उभा राहून म्हाताऱ्यांच्या सवयीवर लिहीत होतो.
स्वयंपाकघरात रूपालीला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती वडे थापत होती. म्हणाली, "तुम्ही एवढं मन लावून करत होता. म्हटलं, करूदे." माझ्या तोंडून शेवटी निघालं की तुझे गोल बरोबर होते. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."
इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि इतकं बरंही.
आप्पांचं पान माझ्या घरी वाढलं खरं. पाणी मात्र त्यांचं त्यांनीच पाठवलं.
जेवून सगळे गेले. अण्णांनी तीन रिकामी बॅरलं टेम्पोत चढवली. चौथं निम्मं भरलेलं होतं, त्याला मी हात लावला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. सोमवारपतोर पुरंल तुम्हास्नी." मी विचारलं, सोमवार कशावरून. त्यांनी बोटांवर मोजायचीही तसदी घेतली नाही. "काल आलंय न्हवं? पाचव्या दिशी सोमवार." गावात बसलेल्या माणसाला माझ्या नळाची तारीख ठाऊक.
टेम्पो सुरू झाला. अण्णा खिडकीतून वाकले आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "म्हाळ फुडच्या वर्षी गावातच करूया, मारुती. पाणी तिकडनं हितं आणायचं, त्यापरास माणसंच तिकडं नेऊया."
मी व्हय म्हणालो. हिशेब बरोबर होता.